पाठ दाखवण्यापूर्वी दोन प्रश्न

भाताची रोपलावण संपली की आपल्यापैकी पुष्कळांची कंबर धरते. मग कोणी गावच्या हाडवैद्याचे नाव सांगतो, तर कोणी शहरातल्या कायरोप्रॅक्टरचे. मणके हातांनी दाबून बसवण्याची ही दुसरी पद्धत अमेरिकेत १८९५ साली सुरू झाली. कोणाकडेही जा, पण आधी दोन प्रश्न विचारा.

१. उपचार करणारा कोण? हाडांच्या डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. फिजिओथेरपिस्टची पदवी पाहावी. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्या देशात अशी स्वतंत्र परिषद नाही. म्हणून तो कुठे व किती वर्षे शिकला हे विचारावे आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२. पैसे कोण देणार? आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते यादीतील रुग्णालयात दाखल झाल्यावरच. नुसते दाखवून घरी परतल्यास तो खर्च आपलाच. रुग्णालय यादीत आहे का, हे घरून निघण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर विचारावे. खासगी विमा असल्यास कंपनीला उपचाराचे नाव सांगून लेखी होकार घ्यावा. ‘इथे विमा चालतो’ एवढ्या तोंडी शब्दावर कर्ज काढू नये.

मात्र पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, पाठदुखीबरोबर ताप येणे किंवा झाडावरून पडल्यावर कळ येणे, यांपैकी काहीही असल्यास कोणालाही पाठ दाबू देऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.