रानातील करवंदांची तोडणी

सह्याद्रीच्या उतारावर, जेथे जमीन उथळ, मुरमाड व खडकाळ आहे, तेथे करवंदीच्या जाळ्या आपोआप वाढतात. पाणी, खत वा मशागत यांची अपेक्षा न करणारे हे झुडूप उन्हाळ्याच्या अखेरीस फळास येते. नेमक्या याच काळात डोंगरावरील कुटुंबांच्या हातास शेतीचे काम नसते. कर्जत, कसारा या बाजूच्या ठाकर व कातकरी स्त्रिया करवंदांच्या पाट्या घेऊन स्थानकांवर व घाटरस्त्यांवर विक्रीस बसतात. खरिपाच्या बियाण्यापूर्वी घरात येणारा हा रोख पैसा होय. परंतु सकाळी भरलेल्या पाटीतील बराच माल दुसऱ्या दिवशी आंबलेला निघतो व फेकून द्यावा लागतो. याचे कारण फळात नसून तोडणीत आहे.

एकाच जाळीवरील सर्व फळे एकदम पिकत नाहीत. हिरवे फळ प्रथम तांबूस व नंतर जांभळट काळे होते. पूर्ण पिकलेले फळ बोटाचा हलका स्पर्श होताच देठापासून सुटते. जे ओढावे लागते ते अपक्व समजावे. अशा फळाच्या देठातून पांढरा चीक वाहतो, तो शेजारच्या फळांस लागतो व सगळी पाटी चिकट होते. म्हणून एका जाळीची तोडणी तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा करावी. काठीने झोडपून फळे पाडू नयेत. झोडपलेले फळ फुटते, आणि एक फुटलेले फळ भोवतालच्या दहांना नासवते.

तोडणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी आटोपावी. पाटीत पळसाची पाने अंथरावी व फळांचा थर वीतभरापेक्षा उंच नसावा. फळे धुऊन भरू नयेत. पिकलेले करवंद फार तर दोन-तीन दिवस टिकते; कच्चे मात्र आठवडाभर राहू शकते. त्यामुळे लोणच्यासाठी कच्ची फळे काढावयाची असल्यास त्यांकरिता जाळ्या वेगळ्या राखाव्या. ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी ऐकून गिऱ्हाईक थांबते. मैना मात्र खरोखर काळी असावयास हवी.

काट्यांची सवय असणाऱ्यांसही एक सूचना देणे आवश्यक आहे. जुन्या जाळीच्या बुंध्याशी, पाचोळ्यात, फुरसे दडलेले असते. खाली पडलेली फळे वेचण्यासाठी तेथे हात घालू नये. आतील फांदी आकडीने बाहेर ओढून घ्यावी आणि लहान मुलांस जाळीत शिरू देऊ नये. दंश झाल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रोग्यास तत्काळ सर्पदंशावरील लस असलेल्या दवाखान्यात न्यावे.

ही सर्व माहिती तोडणाऱ्या स्त्रियांस बहुधा ठाऊकच असते. तरीही कच्ची फळे का तोडली जातात? आज आपण ठेवली तर उद्या दुसरा नेईल, ही भीती त्यामागे असते, आणि ती खोटी नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने येथे शिकवण्यापेक्षा लोकांस एकत्र बसवणे अधिक उपयोगी. वनहक्क कायदा, 2006 अन्वये वनात राहणाऱ्या हक्कदारांस परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी मिळते. ग्रामसभेस त्याच्या वापराविषयी नियम ठरवता येतात. तोडणी कोणत्या दिवसापासून सुरू करावी, कोणत्या पाड्याने कोणती बाजू घ्यावी, कुंपणासाठी फळती जाळी तोडू नये, एवढे तीन ठराव चैत्राच्या आरंभी झाले तरी पुरे.

ज्यांस बांधावर करवंदी हवी असेल त्यांनी चांगल्या जाळीची पूर्ण पिकलेली मोठी फळे निवडून बी धुवावे व सावलीत सुकवावे. हे बी फार दिवस ठेवल्यास उगवत नाही, म्हणून पावसाच्या प्रारंभीच पेरावे. रोपे दोन-तीन फुटांवर लावल्यास काटेरी कुंपण तयार होते. लागवडीनंतर सुमारे तिसऱ्या वर्षापासून त्यावर फळे दिसू लागतात. पहिली दोन वर्षे मात्र रोपांस गुरांपासून व वणव्यापासून जपावे लागते.