भुंग्याचे तीन साधे डोळे

कवितेत भुंगा कमळापाशी भेटतो; मला तो भेटला आमच्या गोठ्याच्या तुळईत. गेल्या माघात रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी पाजायला आण्णा निघाले, तोच तुळईच्या भोकातून तो घोंघावत बाहेर पडला. आण्णा म्हणाले, “मला बॅटरी लागतीया, ह्याला कसं दिसतंय रं?” घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी मराठी साहित्य शिकतो, हे सांगून सुटका होत नाही.

भुंग्याला डोळे पाच. दोन मोठे संयुक्त डोळे सहज दिसतात. उरलेले तीन माथ्यावर, त्रिकोणात, मण्यांसारखे. हेच साधे डोळे. प्रत्येकाला भिंग एकच, आणि बहुतेक कीटकांत त्यातून रेखीव चित्र उमटत नाही. मग उपयोग काय? आकाश उजळ, जमीन काळी. उडताना अंग कलले की एका बाजूच्या डोळ्यात उजेड वाढतो, दुसऱ्यात घटतो. तोल सावरायला एवढी खबर पुरते.

खरी गंमत आहे ती खबर जाते त्या वाटेत. संयुक्त डोळ्याची खबर एकामागून एक तीन थरांतून चाळत मेंदूत जाते. तलाठी, सर्कल, तहसीलदार असे म्हणा ना! साध्या डोळ्याचे तसे नाही. टोळावर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तेथे शेकडो प्रकाशग्राही पेशी भिंगामागेच मोजक्या जाड मज्जापेशींना जोडलेल्या असतात. त्यांचे तंतू मेंदूच्या मागच्या भागात उतरतात. तेथून दुसऱ्या पेशी संदेश छातीकडे, पंख हलविणाऱ्या मज्जागुच्छांपर्यंत नेतात. तंतू जाड, म्हणून संदेश वेगवान. शेकडोंची खबर मोजक्यांत ओतल्याने बारकावा जातो, पण अंधुक उजेडही जाणवतो.

भीमाशंकरच्या रानात हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस, एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी भुंग्यांच्या जाती अभ्यासल्या. निष्कर्ष २००८ आणि २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील झायलोकोपा ट्रॅन्क्वेबारिका ही जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, आणि घरट्याजवळच्या खुणांचे रंग ताऱ्यांच्या उजेडात ओळखते. माणसाला त्या उजेडात रंग कळत नाहीत. रंग पाहणे संयुक्त डोळ्यांचे काम. पण तिचे साधे डोळेही दिवसा उडणाऱ्या जातीपेक्षा मोठे आढळले. झायलोकोपा टेन्युइस्कापा मात्र दिवसा नि तिन्हीसांजेला उडते, रात्री चंद्र असेल तरच.

आमचा भुंगा यांतला कोणता? त्या रात्री चंद्र होता, त्यामुळे निकाल लागत नाही. आण्णांना हे सांगितले तर म्हणाले, “मग अवसेला बघू की.” येत्या अमावास्येला लाइट रात्रीचीच आहे.