‘अनुसरणे’ : एका क्रियापदाचा अर्थविचार

व्यवहारातील मराठीत ‘अनुसरणे’ हे क्रियापद कर्माची अपेक्षा धरते. मत अनुसरले जाते, रीत अनुसरली जाते. महानुभाव परिभाषेत मात्र ‘अमुक अनुसरला’ एवढ्यानेच वाक्य पूर्ण होते. कोणाला, हे पुसावे लागत नाही. कारण अनुसरण्याजोगा एक परमेश्वरच होय. सर्वसंगपरित्याग करून त्यास शरण जाणे, हा या क्रियापदाचा रूढ अर्थ आहे.

शब्दाची घडण पाहिली असता हा अर्थ अधिक उकलतो. ‘सृ’ म्हणजे सरणे, जाणे. या धातूस ‘सम्’ लागला की ‘संसरण’ होते, ‘अनु’ लागला की ‘अनुसरण’. केसोबासांनी सिद्ध केलेल्या सूत्रपाठात ‘संसरण’ नावाचे प्रकरणच आहे. संसरणात जीव देवताफळांमागे देहोदेही फिरत असतो. अनुसरणातही तो चालतच असतो. तेव्हा चालणे थांबले, हा या दोहोंतील भेद नव्हे. चालण्याचे साध्य पालटले, हा भेद होय.

म्हाइंभटांचे चरित्र हा याचा उत्तम दाखला होय. विद्येचा अभिमान धरून ते सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करण्यास आले होते. पुढे ती विद्वत्ता त्यांनी टाकून दिली नाही. तिचे साध्य तेवढे पालटले. स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांचा शोध घेत ते हिंडले, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले.

आता एक शंका. नाशिकच्या इंदिरानगरातील एखादा वासनिक रोज अंबडच्या कारखान्यात जातो आणि नित्यनेमाने नामस्मरण करतो. त्यास ‘अनुसरलेला’ म्हणावे काय? परिभाषेप्रमाणे नाही. उपदेश घेणे निराळे, अनुसरणे निराळे. हे दोन शब्द एक केले तर त्यागाचे मोल उतरते. तथापि वासनिकाने खिन्न होऊ नये; त्याचे तोंड योग्य दिशेस वळले आहे, पाऊल पडणे तेवढे उरले आहे.

खरी सावधगिरी अनुसरलेल्यानेच बाळगावयाची. वेष घेतल्यावरही मन मानाच्या, शिष्यसंख्येच्या मागे धावू लागले, तर देह अनुसरला पण जीव संसरतच राहिला, असे होते. ‘कळते पण वळत नाही’ ही लोकोक्ती गृहस्थाला जितकी लागू, त्याहून अधिक साधूला लागू आहे. शब्दाचा अर्थ कळणे ही सुरुवात. तो अर्थ आचारात उतरणे हेच अनुसरण होय.

दंडवत प्रणाम.