जगातील कलांची ओळख : नावेचा पहारेकरी

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला प्रशांत महासागरात बेटांची एक लांब माळ दिसेल. हा सॉलोमन बेटांचा देश. त्याची राजधानी होनियारा. या साऱ्या प्रदेशाला मेलानेशिया म्हणतात. येथील न्यू जॉर्जिया व आसपासच्या बेटांवरील एका लाकडी मूर्तीची आज ओळख करून घेऊ.

मूर्तीचे नाव न्गुझुन्गुझु. मोठे डोके, पुढे आलेला जबडा, हनुवटीखाली आखूड हात. लाकूड काळे रंगवलेले आणि चेहऱ्यावर शिंपल्यासारख्या चकाकणाऱ्या तुकड्यांची नक्षी. ही चमक नॉटिलस या समुद्री जीवाच्या शंखाची असते. शंखाचे लहान तुकडे घासून हवा तो आकार देतात आणि एका झाडाच्या फळातील गर वाटून केलेल्या लुकणात बसवतात. वाळल्यावर हे लुकण काळे व टणक होते. नावेच्या फळ्यांमधील फटीही त्यानेच बुजवत. म्हणजे ज्या लेपाने नाव तरंगे, त्यानेच मूर्तीला डोळे मिळत!

ही मूर्ती 'टोमोको' या लांब युद्धनौकेच्या नाळेवर, पाण्यालगत बांधत. पाण्यातील दुष्ट शक्तींना ती दूर ठेवते, अशी श्रद्धा होती. त्या काळी शत्रूवर चढाई करून शिरे कापून आणण्याची प्रथा होती, म्हणून काही मूर्तींच्या हातांत मानवी शिर दिसते. काहींच्या हातांत मात्र पक्षी असतो.

1893 मध्ये येथे ब्रिटिश संरक्षित राज्य आले. पुढे चढाया थांबल्या आणि युद्धनौकांचे कामही संपले. मूर्ती मात्र टिकली. 1977 साली निघालेल्या एक डॉलरच्या नाण्यावर तिला स्थान मिळाले. 1978 मध्ये देश स्वतंत्र झाला. आजही तेथील कारागीर ती कोरतात, पण बहुधा पर्यटकांसाठी.

जुन्या मूर्ती अनेक देशांच्या संग्रहालयांत आहेत. तेथे मूर्ती काचेच्या कपाटात आपल्या डोळ्यांसमोर असते. तिची खरी जागा खाली, लाटेच्या तोंडाशी होती. नाव आणि पाणी वगळले, तर उरते ते फक्त सुंदर लाकूड. कोणतीही जुनी वस्तू पाहताना ती कोठे होती व कोणते काम करी, हे आधी विचारावे.

स्वाध्याय :
1. मूर्ती पाण्यालगत का बांधत?
2. लुकणाचे दोन उपयोग सांगा.
3. घरातील एका जुन्या वस्तूचे मूळ काम आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.