आधी कागद, मग राउटर

बुलढाणा

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेली राउटरची यादी पाहिली. सगळी अँटेना मोजून केलेली दिसते! तुमचं खामगावचं घर म्हणजे खाली चांदीचं दुकान, वर बिऱ्हाड आणि दोन्हींत मिळून एकच इंटरनेट. अशा ठिकाणी वेगाचा प्रश्न नंतरचा. कोणाला कोण दिसू नये, हे आधी कागदावर मांड. बिलिंगचा कॉम्प्युटर एका कप्प्यात, कॅमेरे दुसऱ्यात, घरचे मोबाइल-टीव्ही तिसऱ्यात आणि पाहुण्यांचं वायफाय चौथ्यात. असा प्रत्येक कप्पा म्हणजे एक व्हीलॅन. 802.1क्यू या मानकात 4094 व्हीलॅन करता येतात, म्हणून तू वीस करू नकोस, निस्तरत बसशील.

कॅमेरे वेगळे काहून, असं ताई विचारेल. तिला 2016 ची गोष्ट सांग. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता, असे कॅमेरे आणि डीव्हीआर मिराई नावाच्या मालवेअरने लाखांनी ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर मारा झाला आणि ट्विटरसारख्या साइट अमेरिकेत काही तास उघडेनात.

राउटरच्या खोक्यावर नुसतं 'व्हीलॅन' वाचून भुलू नकोस. घरगुती राउटरमध्ये ती सोय बरेचदा बाहेरून येणाऱ्या लाइनपुरतीच असते. आतल्या पोर्टांना तिचा उपयोग नाही. लॅन पोर्टवर व्हीलॅन करता येतो का, आणि दोन व्हीलॅनमध्ये फायरवॉलचे नियम घालता येतात का, हे विचारून घे. दुसरं जास्त मोलाचं. कप्पे पाडले तरी नियमाने अडवेपर्यंत बहुतेक राउटर इकडचं तिकडे सोडतच राहतात. मायक्रोटिकचा तारेचा राउटर किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालणारा एखादा तुला पुरेल. अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र प्रत्येक वायफाय नावाला वेगळा व्हीलॅन देणारा हवा.

स्विच 8 पोर्टचा स्मार्ट किंवा मॅनेज्ड घे. साध्या स्विचवर व्हीलॅन वेगळे ठेवता येत नाहीत, स्वस्त पडला तरी. कॅमेऱ्यांसाठी पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देणारा, घेशील तेव्हा एका पोर्टच्या 15.4 वॅटवर जाऊ नकोस, सगळ्या पोर्टांची मिळून किती वॅट ते बघ. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरे जास्त वीज ओढतात. चित्रीकरण साठवणारा एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच कप्प्यात ठेव. नाहीतर चोवीस तासांचं चित्रीकरण विनाकारण राउटरमधून जाईल.

केबल अस्सल तांब्याची कॅट-6च घे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त म्हणून तुझ्या गळ्यात मारतील, पण पीओईला ती नको. मागच्या गोदामापर्यंत उघड्यावरून न्यायची असेल तर तांबंही नको, फायबर टाक. वीज कडाडली तर फायबरमधून स्विचपर्यंत झटका येत नाही. आणि हे सगळं गच्चीवरच्या टिनाखाली ठेवू नकोस. तुमच्याकडचा मे महिना आम्हा घाटावरच्यांनाही ठाऊक आहे.

कागदाचा फोटो पाठव. त्यात बिलिंगच्या कॉम्प्युटरवरून प्रिंटरकडे जाणारी वाट दाखवायला विसरू नकोस. तो प्रिंटर वरच्या मजल्यावर आहे ना?

तुझा,
मामा