रसायनशास्त्रातून रेडॉक्स जीवशास्त्राकडे

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एमएस्सी केले आहे. रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) जीवशास्त्रात पीएचडी करायची आहे, पण पेशी किंवा रुग्ण यांच्याशी कधी संबंध आला नाही. जमेल का?

उत्तर : जमेल. तुमच्या विषयाची तिथे फार गरज आहे. आणि मोठा शोध पीएचडी करतानाही लागू शकतो: १९६९मध्ये ड्यूक विद्यापीठात, सुपरऑक्साइड या ऑक्सिडंटचा निचरा करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य उलगडणारे जो मॅककॉर्ड हे अर्विन फ्रिडोविच यांचे पीएचडीचे विद्यार्थीच होते. रसायनशास्त्राची गरज अशासाठी, की या क्षेत्रात घात होतो तो मोजमापात. ऑक्सिडंट मोजायला सर्रास वापरतात ते डीसीएफ रंगद्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करत नाही. त्याला लोह किंवा पेरॉक्सिडेज लागते. शिवाय ते स्वतःही सुपरऑक्साइड निर्माण करू शकते. अशी खोट तुमच्या नजरेतून सुटू नये.

वैद्यकाची बाजू मात्र शिकावीच लागेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे ऑक्सिडंटविरोधी द्रव्य दिले. १९९४च्या निष्कर्षांत त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग ते न घेणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त आढळला. ऑक्सिडंट रोखले की भलेच होते, असे नाही. ऑक्सिडंट म्हणजे निव्वळ शत्रू नव्हेत, पेशी त्यांच्यामार्फत निरोपही देते.

अर्ज करताना दोन मार्गदर्शक मिळतील का ते विचारा: एक जैवरसायनाचा, दुसरा रुग्ण तपासणारा. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करू देणारी संस्था मिळाली, तर तीच निवडा.