महासाथ आणि दिव्यांग मुलांचे पुनर्वसन

पुनर्वसन हा शब्द आपल्या भागात धरणग्रस्तांच्या संदर्भात अधिक परिचित आहे. वैद्यकात त्याचा अर्थ निराळा: जन्मतः किंवा आजाराने मर्यादा आलेल्या शरीराला नियमित उपचारांनी व सरावाने जगण्यास समर्थ करणे. यातील ‘नियमित’ या शब्दावरच २०२० च्या महासाथीने घाव घातला, असे आमचे मत आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची हाडे वयानुसार वाढतात. ताठर स्नायू मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून त्यांना सतत ताण देण्याचा व्यायाम लागतो. तो थांबला की सांधे आखडतात. पावले जन्मतः वाकडी असलेल्या बाळाचे प्लास्टर दर आठवड्याला बदलतात आणि पुढे काही वर्षे रात्री विशेष बूट घालावे लागतात. बूट अपुरे पडले आणि नवे मिळाले नाहीत, तर पाऊल पुन्हा वळू लागते. शाळेत बुडालेला धडा पुढच्या वर्षी शिकवता येतो; आखडलेला सांधा तितक्या सहज सुटत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाचाही दिव्यांगत्वात समावेश केला. अशा मुलांना साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्तातील लाल पेशी पेढीत ३५ ते ४२ दिवसच टिकतात. धान्यासारखी साठवण करता येत नाही. कारखाने व महाविद्यालये बंद झाली, भीमजयंती घरातच साजरी झाली, आणि या निमित्तांनी भरणाऱ्या रक्तदान शिबिरांना खीळ बसली.

पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय त्या वर्षी कोविड रुग्णांसाठी राखीव झाले. बसगाड्या थांबल्या. सांगवीतील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने दहा वर्षांचे, चालू न शकणारे मूल उपचारांना न्यायचे कसे? दिव्यांगांच्या मदतनीसांना प्रवासाची मुभा द्यावी, असे केंद्राच्या २६ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत होते. परंतु मुभा म्हणजे वाहन नव्हे.

टाळेबंदीत वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. त्याच वर्षी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई फुले डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या. पुढे त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. या घटनेतील त्याग आपण सांगतो. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तिच्यात दवाखान्यापर्यंतच्या अंतराचा प्रश्नही दिसतो.

फोनवरून व्यायाम शिकवण्याचे प्रयत्न झाले, ते उपयुक्तही ठरले. तरी स्नायूचा ताठरपणा पडद्यावरून हाताला कळत नाही. शिवाय घरात एकच फोन, आणि त्यावर भावंडांची शाळा! ऐकू न येणाऱ्या मुलांपुढे तर मास्कमुळे माणसांचे ओठच झाकले गेले.

पालकांनी व्यायामक्रम उपचारकांकडून आकृत्यांसह लिहून घ्यावा, बुटांचे पुढचे माप वेळीच काढून घ्यावे. आपल्या विहारांतून नियमित रक्तदात्यांची, तसेच अडचणीच्या वेळी रिक्षा देऊ शकणाऱ्यांची यादी तयार असावी. तिच्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.